परदेशी गेलेला पैसा आणि लिंबायतचा माग

मे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आकडे आले आणि एकच ओरड झाली. २०२४-२५ या वर्षात भारतात आलेली निव्वळ थेट परकी गुंतवणूक जेमतेम ०.४ अब्ज डॉलर. आदल्या वर्षी ती १० अब्ज होती. भारतीय कंपन्यांनी परदेशात गुंतवलेली रक्कम मात्र २९ अब्जांवर पोचली. मग काय, निष्कर्ष तयारच होता. देशी उद्योगपतींचा देशावरचा भरवसा उडाला, इथं कारखाना काढायचं सोडून पैसा सिंगापूर-दुबईला पळाला! दुसरा पक्ष याच्या अगदी उलट बोलतो. त्याच्या मते चीन आपल्या दहापट भांडवल जगभर पेरतो म्हणून तो मोठा. भारतानंही हात सैल सोडावा.

हे दोन्ही पक्ष तपासून पाहायला सुरतच्या लिंबायतसारखी जागा नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइननं आलेली हजारो खानदेशी कुटुंबं इथं राहतात. पुरुष माग, एम्ब्रॉयडरी आणि मिलच्या खात्यात. बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात, लेस लावतात. पॉलिस्टरच्या या धंद्यात एम्ब्रॉयडरीची कितीतरी यंत्रं चीनहून आलेली. जगातलं भांडवल कुठून कुठं गेलं, याचा परिणाम इथं मजुरीच्या दरात उतरतो.

आधी पहिल्या पक्षाची बेरीज-वजाबाकी. २०२४-२५ मध्ये देशात एकूण ८१ अब्ज डॉलर आले होते. निव्वळ आकडा इतका खाली आला त्यात परकी गुंतवणूकदारांनी काढून नेलेल्या ५१ अब्जांहून जास्त डॉलरचा वाटा भारतीय कंपन्यांच्या २९ अब्जांहून मोठा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईनं आपल्या भारतीय कंपनीचे समभाग बाजारात विकले, सव्वातीन अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम कोरियातल्या मूळ कंपनीकडं गेली. कारखाना श्रीपेरुंबुदूरलाच राहिला. सगळं खापर भारतीय कंपन्यांच्या माथी फोडणाऱ्यांनी निदान ही ओळ तरी वाचायला हवी होती. आणि पैसा बाहेर गेला की घरचे कारखाने ओस पडतात, हे खरं असतं तर चीन केव्हाच उजाड झाला असता. २०२० मध्ये १५० अब्जांहून अधिक डॉलर बाहेर गुंतवून तो जगात पहिला होता. त्याच्या कारखान्यांचा धूर काही थांबला नाही.

शहाद्याचा पोरगा सुरतेला कामाला आला म्हणून घर बुडालं, असं लिंबायतमध्ये कुणी म्हणत नाही. तो घरी काय पाठवतो, हे विचारतात. भांडवलालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

आता दुसरा पक्ष. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेची आकडेवारी पाहिली तर १९९० मध्ये चीनची परदेशातली एकूण थेट गुंतवणूक साडेचार अब्ज डॉलरच्या घरात होती, भारताची सव्वाशे दशलक्षांच्या आसपास. म्हणजे छत्तीसपट. २००० मध्ये हे अंतर सोळापटीवर आलं, २०१० मध्ये साधारण सव्वातीनपटीवर! २०२३ अखेर ते पुन्हा बारापटीपर्यंत ताणलं गेलं. चीन सतत पुढं आणि भारत सतत मागं, अशी ही सरळ रेघ नाही.

अंतर मिटत होतं तो काळ आठवा. २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परदेशी गुंतवणुकीची मर्यादा कंपनीच्या नक्त मूल्याच्या चौपट केली. त्याच वर्षी टाटा स्टीलनं कोरस ही पोलाद कंपनी घेतली, हिंडाल्कोनं नॉव्हेलिस ही अॅल्युमिनियम कंपनी. २००८ मध्ये टाटा मोटर्सनं जॅग्वार-लँडरोव्हर. आकडा फुगला. पण कोरसचा ब्रिटनमधला पसारा वर्षानुवर्षं तोट्यात राहिला आणि २०२४ मध्ये तिथल्या पोर्ट टॅलबॉट कारखान्याची शेवटची झोतभट्टी विझली. चीनचंही सगळं सोनं नाही. अनबांग या विमा कंपनीनं न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेल जवळपास दोन अब्ज डॉलरला घेतलं. २०१८ मध्ये सरकारलाच ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. त्याआधी, २०१७ मध्ये, बीजिंगनं हॉटेलं, जमीनजुमला आणि क्रीडा क्लबांमधल्या परदेशी गुंतवणुकीला लगाम घातला होता. शिवाय चीनच्या एकूण आकड्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा हाँगकाँगच्या नावावर आहे. यातला किती पैसा तिथूनच वळून कुठं जातो, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मग तुलना कशाची करायची? बाहेर गेलेल्या पैशामुळं घरी कच्चा माल, यंत्रांची मागणी किंवा गिऱ्हाईक आलं का, याची.

गंमत म्हणजे ही कसोटी भारताचीच आहे. बिर्लांची इथिओपियातली कापड गिरणी, १९६० च्या सुमाराची, भारतीय कंपन्यांच्या पहिल्या परदेशी उपक्रमांपैकी मानली जाते. १९६९ च्या सरकारी धोरणानुसार परदेशी भागीदारीत भारतीय कंपनीनं आपला हिस्सा शक्यतो रोख रकमेऐवजी भारतात बनलेल्या यंत्रसामग्रीच्या रूपात घालायचा होता. डॉलर वाचवणं हा हेतू होता, पण त्यातून देशी यंत्रांना परदेशी बाजार मिळत होता. तेव्हा चीन या मैदानात फारसा उतरलाही नव्हता.

पुढं चीननं हा हिशेब नीट मांडला. शांघायच्या टेक्सहाँग या सूत कंपनीनं २००६ पासून व्हिएतनाममध्ये सूतगिरण्या काढल्या. तिथं कापूस स्वस्त पडायचा आणि तयार सुताचा मोठा भाग चिनी विणकरांकडं यायचा. बाहेर गेलेल्या पैशानं घरच्या मागाला सूत पुरवलं.

सुरतेनंही हेच केलं आहे, फक्त कापडात नाही, हिऱ्यात. १९६० च्या दशकापासून पालनपुरी आणि पुढं काठियावाडी व्यापाऱ्यांनी अँटवर्पमध्ये पेढ्या थाटल्या. भांडवल बेल्जियमला गेलं, कच्चा हिरा सुरतेला आला. आज जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घासले जातात आणि त्यातले बहुतेक याच शहरात. त्या पेढ्या नसत्या तर वराछा-कतारगामच्या घंटींवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकांवर, कच्चा माल कुठून आला असता?

कसोटी बरोबर असली म्हणजे धंदा चालेलच, असं नाही. हजिऱ्याला पॉलिस्टरचा कारखाना असलेल्या रिलायन्सनं २००४ मध्ये जर्मनीची ट्रेव्हिरा घेतली. पॉलिस्टरचं ज्ञान आणि युरोपचा बाजार, दोन्ही हाताशी येत होते. तरी मंदीत, २००९ मध्ये, ट्रेव्हिरानं दिवाळखोरीचा अर्ज केला. पण असा डाव फसला तरी निदान कशासाठी खेळला, हे सांगता येतं.

रिझर्व्ह बँक दर महिन्याला कोणत्या कंपनीनं कोणत्या देशात किती गुंतवलं, याची यादी प्रसिद्ध करते. परदेशातल्या उपकंपनीचा वार्षिक कामगिरी अहवालही कंपन्यांना द्यावाच लागतो. त्या उपकंपनीनं भारतातून किती यंत्रं, सूत, सुटे भाग घेतले आणि भारतात काय पाठवलं, हा रकाना अहवालात घालून तो जाहीर करावा. मग २९ अब्जांपैकी किती डॉलर सुरतेच्या मागांपर्यंत पोचले, हे दोन्ही पक्षांना नावानिशी दाखवता येईल.