कुलपाआडचे विस्मरण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की, म्हातारपणीचे विसरणे हा आजार असू शकतो हे पटायला घरोघरी बरीच वर्षे गेली. आता चित्र थोडे पालटले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची कथा मराठी प्रेक्षकांसमोर आणली. साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचे अनुमान आहे. गॅस चालू ठेवून विसरणाऱ्या आजोबांना आता अनेक घरांतून डॉक्टरांकडे नेले जाते. पण त्याच वयाच्या काही माणसांकडे अजूनही कोणाचे लक्ष जात नाही. ती मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात राहतात.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही आपली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. तिथे काहीजण ऐन तारुण्यात आले. कोणी कोर्टाच्या हुकमाने, कोणी नातेवाइकांच्या अर्जावर. आजार आटोक्यात आला तेव्हा न्यायला कोणी आले नाही, आणि ती माणसे तिथेच म्हातारी झाली. ‘मनोरुग्ण’ ही त्यांची ओळख इतकी पक्की झालेली असते की, त्यांना त्याखेरीज दुसरा आजार जडेल हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. वास्तविक स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

दैवदुर्विलास असा की, या रोगाची पहिली ओळख पटली ती एका मनोरुग्णालयातच. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवीत. तिच्या ताटात फुलकोबी आणि डुकराचे मांस होते. काय खाते आहेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. १९०६ साली ती वारली. तिच्या मेंदूची तपासणी करून अल्झायमर यांनी त्याच वर्षी आपले निष्कर्ष मांडले. सूक्ष्मदर्शकाचे काम नंतरचे. त्याआधी कोणीतरी रुग्णाजवळ बसून नीट पाहिले होते, ऐकले होते.

स्मृतिभ्रंश ओळखू येतो तो तुलनेने. काल हिशेब चोख ठेवणारी आई आज सुट्या पैशांत गोंधळते, हे सुनेच्या लक्षात येते. बंद वॉर्डात ही तुलना होणेच अवघड. तिथे पैसे मोजायचे नसतात, स्वयंपाक करायचा नसतो, घरचा रस्ता शोधायचा नसतो. घंटा झाली की उठायचे, रांगेत उभे राहायचे, समोर आलेले खायचे. विसरायला कामच नाही, मग विसरलेले कळणार कसे? लक्षणे नजरेत भरतात तेव्हा बहुधा रोग बराच पुढे गेलेला असतो.

तोवर प्रत्येक लक्षणाला जुन्या आजाराचे नाव चिकटत राहते. ठेवलेला टॉवेल सापडत नाही म्हणून बाई म्हणतात, चोरीला गेला. नोंद होते ‘संशय वाढला’. दिवेलागणीला घालमेल सुरू होऊन आजोबा घरी जायचे म्हणून दार ठोठावतात; नोंद होते ‘पळून जाण्याचा प्रयत्न’. आंघोळीची सक्ती का होते आहे हे न उमगल्याने कोणी हात उगारतो. नोंद होते ‘आक्रमक’. मग गोळ्यांचा डोस वाढतो. अशी औषधे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या जिवाला धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला आहे. हातपाय थरथरू नयेत म्हणून जोडीला दिली जाणारी गोळी तर स्मरणशक्तीला आणखी ग्रासते. थायरॉईड, ब जीवनसत्त्वाची कमतरता, लघवीचा जंतुसंसर्ग, कमी ऐकू येणे ही गोंधळामागची कारणे तपासणीने सापडू शकतात, त्यांवर उपायही आहेत. ‘वेडाचा भर’ म्हटले की तपासणी राहूनच जाते.

हे पाहणार कोण? डॉक्टरांची फेरी मिनिटांची असते. आंघोळ घालणारा, ताट वाढणारा, रात्री चादर बदलणारा कक्षसेवक किंवा आया आणि पाळीवरची परिचारिका यांचाच सहवास दिवसभराचा. काही रुग्णांना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते. म्हणजे सुनेच्या जागी तीच माणसे आहेत. म्हणूनच स्मृतिभ्रंशाचे शिक्षण त्यांच्यापासून सुरू झाले पाहिजे, आणि त्यांच्या तोंडचे निरीक्षण केसपेपरवर चढले पाहिजे. साठी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा स्मृतीची तपासणी व्हावी. पंतप्रधान कोण, साल कोणते, हे प्रश्न तीस वर्षे वर्तमानपत्र न पाहिलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. हरियाणातील बल्लभगड परिसरात लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अशी चाचणी बदलून घेतली गेली, तिचे काम १९९५ साली प्रसिद्ध झाले. वॉर्डासाठीही तसे करता येईल. तुमची खाट कोणती? न्हाणीघर कुठे? दुपारी जेवायला काय होते?

माणसे अपुरी आहेत, त्यात हा नवा व्याप कशाला, असे कोणी म्हणेल. कामाचा भार खरा आहे. पण संडासाच्या दारावर ठळक चित्र लावले, रात्री मंद दिवा ठेवला, घरी जायचे म्हणणाऱ्याला दटावण्याऐवजी चार पावले सोबत फिरवून आणले, तर बदलाव्या लागणाऱ्या चादरी आणि होणारी झटापट, दोन्ही कमी होतात. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बजावले आहे की, केवळ कर्मचारी कमी म्हणून किंवा शिक्षा म्हणून कोणाला बांधून ठेवता येणार नाही. घर नाही एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असेही हा कायदा म्हणतो. पण म्हणून कुठेही हलवून मोकळे होता येत नाही. मनोरुग्णालयांतील माणसांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत पाठवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली महाराष्ट्र सरकारला फटकारले होते. ज्याला नीट ओळखलेच नाही, त्याच्यासाठी योग्य जागा तरी कशी शोधणार?

यात आपलाही वाटा आहे. अनेक कुटुंबांत एखादा काका, एखादी आत्या अशी असते, की जिचा विषय निघाला की बोलणे बदलले जाते. त्यांना घरी आणणे सर्वांना जमणार नाही. पण त्यांना लहानपणी कोणत्या नावाने हाक मारीत, त्या कोणते काम करीत, कोणता पदार्थ आवडीने खात, कशाला घाबरत, एवढे एका कागदावर लिहून, सोबत एक जुना फोटो जोडून वॉर्डाच्या सिस्टरकडे देता येईल. आत्या स्वतः सारे विसरल्या, तरी त्यांना आंघोळ घालणाऱ्या बाईंना त्या कोण होत्या हे ठाऊक असेल.