गुरुवारचे इंजिनिअर साहेब

गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या वटवृक्ष मंदिराच्या रांगेत अर्धा तास उभं राहिलं की महाराष्ट्रातली सगळी सरकारी खाती भेटतात. महसूल, वीज मंडळ, एसटी. आणि पाटबंधारे तर हमखास. पाटबंधारेवाला ओळखायला सोपा. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, खिशाला पेन, सोबत पत्नी, जमलं तर नातू. रांग थांबली की बाकीचे मोबाईल काढतात. हे साहेब भिंतीवरची ओल बघतात आणि पाणी कुठून झिरपतंय याचा अंदाज बांधतात.

त्यांच्याकडे बघून एखादा पाहुणा हटकून विचारतो, ‘इतकं गणित शिकलेला माणूस, आणि इथं?’ या प्रश्नाचं आम्हा अक्कलकोटकरांना नवल वाटत नाही, कारण इंजिनिअर आणि स्वामी या मुलखात एकाच काळात आले. स्वामी समर्थ १८५६ च्या सुमारास अक्कलकोटात आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत इथेच राहिले. त्याच वर्षांत सोलापूरच्या बाजूला ओळंबे आणि दुर्बिणी घेऊन माणसं फिरत होती. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली आणि १८७१ मध्ये आमच्या तालुक्यातून पुढे रायचूरला पोचली. एकरुख तलावाचा बांधही त्याच सुमारास पुरा झाला. मुंबईकर भक्ताची वाट त्या रुळांनी सोपी केली. त्याहून जुनी गोष्ट बोरी नदीची. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात ही नदी अडवून बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, तो अजून उभा आहे. खाली कुरनूरला हीच बोरी पुन्हा अडवली आहे आणि अक्कलकोट ते पाणी पितं. यात्रेकरूच्या ओंजळीत पडणारं तीर्थ आधी कुणा इंजिनिअरच्या हाताखालून आलेलं असतं.

गणित आणि श्रद्धा यांचं भांडण लावणाऱ्यांनी माधवराव चितळे यांच्याकडे बघावं. जन्म १९३४ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्याची पदवी, मग राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत. पुढे ते केंद्राच्या जलसंसाधन खात्याचे सचिव झाले आणि १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा १९९९ चा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखालचा. मुंबईत २००५ साली आभाळ फाटलं, तेव्हा नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष तेच. राज्यातल्या सिंचन प्रकल्पांच्या वादग्रस्त चौकशीचं पथकही पुढे त्यांच्याकडेच आलं. आणि याच माणसाने वाल्मीकी रामायणावर प्रवचनंही केली. सकाळी घनमीटर आणि संध्याकाळी रामकथा, यात त्यांना अडचण वाटल्याचं कधी दिसलं नाही.

अडचण वाटायचं कारणही नाही. आपला हिशेब कुठे संपतो, हे इंजिनिअरइतकं कुणालाच ठाऊक नसतं. किती मोठा पूर येऊ शकेल याचा अंदाज करून धरणाचा सांडवा ठरवतात. तरीही पाणी भरेल त्या पातळीच्या वर बांध काही हात उंच ठेवतातच. ती वरची उंची म्हणजे नम्रता आहे, खर्चासकट मंजूर झालेली. त्या पिढीला हा धडा फार महागात मिळाला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं अपुरं धरण फुटलं आणि पुणं बुडालं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. धरणाला तडे गेले, पण ते टिकलं आणि नंतर त्याला बळकटी दिली. हे पाहिलेला माणूस देवाला नमस्कार करत असेल, तर तो गणित विसरला म्हणून नव्हे. ‘भिऊ नकोस’ हा स्वामींचा दिलासा त्याला पाठ असतो. मोजमापाची वही न तपासता सही करायची सवलत त्यात नाही, हेही ठाऊक असतं.

आता संसाराचं. धरणावरच्या माणसाचं घर आणि त्याचं पंचांगाशी असलेलं वाकडं बाहेरच्यांना कळत नाही. आषाढी, श्रावण, गणपती, गौरी हे आपले मोठे सण पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात पाटबंधारेवाल्याला रजा नाही. भीमेला पूर आला की उजनीच्या दरवाजांवर डोळे, खाली पंढरपूरचे घाट. पूर नसेल तर उलट, वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडायचं. चंद्रभागेत लाखो लोक डुबकी मारतात, तेव्हा ती सोय करणारा बिचारा पातळीच्या नोंदी करत बसलेला. गौरी आणल्या त्या बायकोने, गणपतीची आरती म्हटली ती मुलाने. दर तीन वर्षांनी बदली, वसाहतीतलं क्वार्टर, मुलांची नवी शाळा, नवी भाषा. आमच्याकडे बदली झाली तर घराबाहेर पाऊल टाकताच कन्नड. या सगळ्यात घर एकसंध राहिलं ते घरातल्या बाईमुळे, हे यातला कुठलाही प्रामाणिक साहेब कबूल करतो. म्हणून निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन केलेली गुरुवारची वारी मला निव्वळ भाविकपणा वाटत नाही. चाळीस पावसाळ्यांची थकबाकी तो हप्त्याहप्त्याने फेडत असतो.

मात्र अशा माणसाचं आपण काय करतो? तो असेपर्यंत त्याला प्रसादाच्या रांगेत पुढे जागा देतो, आणि गेल्यावर शोकसभेत ‘कुटुंबवत्सल, देवभोळे’ असे दोन शब्द बोलून मोकळे होतो. दोन्ही शब्द खरे असतील, पण त्याने आयुष्य घातलं ते काम त्यात येत नाही. कोणत्या चारीला कुठे गळती आहे, कोणत्या गावाच्या वाट्याला पाणी का पोचत नाही, कोणता भराव कोणत्या घाईत केला होता, हे त्याला तोंडपाठ असतं. फायलींत यातलं निम्मंही नसतं.

तेव्हा तालुक्यातल्या महाविद्यालयाने, पाणीवापर संस्थांनी, निदान नगरपालिकेने या साहेबांना दर महिन्याला एकदा सतरंजीवर बसवून बोलतं करावं आणि पोरांनी ते लिहून घ्यावं. हार-नारळ नको. १९८८ पासून अक्कलकोटचं अन्नछत्र आल्या माणसाला जेवू घालतंय; त्याच पंगतीत जेवून उठलेला एखादा म्हातारा कुरनूरबद्दल काही सांगू पाहत असेल, तर त्याचं ऐकून घ्यायला पैसे लागत नाहीत. पुढचा दुष्काळ यायच्या आत मात्र ते ऐकायला हवं.