आधी स्वतःचा दंड

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना कोविडची लस खुली झाली, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर कोविन पोर्टलवरच्या नोंदणीपुरतीही रेंज नव्हती. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या प्रशासनाने फिरती पथकं गावोगाव पाठवली, हे फार बरं केलं. तरी ‘लस घेतली की माणूस मरतो’ ही अफवा गाडीच्या आधीच पोचलेली. तिथे मराठी पत्रकापेक्षा भिली-पावरी बोलणारी आशाताई कामी येते: आधी स्वतःचा दंड दाखवणारी, ताप येईल पण उतरेल, असं खरं सांगणारी. या म्हाताऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरणाऱ्यांनी दारात आलेल्या दवाखान्याला चार प्रश्न विचारले, तर बिघडलं कुठे?