नकोशा माणसाचे वकीलपत्र

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस जवळ आला की मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वजारोहणाची लगबग सुरू होते. धाराशिवही त्याला अपवाद नाही. हुतात्म्यांना मानवंदना, स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा सत्कार, पालकमंत्र्यांचे भाषण हा क्रम आता ठरून गेला आहे. त्याच्या तीन दिवस आधी, १४ सप्टेंबरला, राम जेठमलानी यांची जयंती असते. तिची आपल्याकडे कोणी दखल घेत नाही आणि घ्यावी असे वरवर काही कारणही दिसत नाही. सिंधमधल्या शिकारपुरात १९२३ साली जन्मलेला, मुंबई-दिल्लीची न्यायालये गाजवलेला हा वकील. बालाघाटच्या या डोंगरपट्ट्याशी त्याचे नाते काय? नाते आहे ते १९४८ या सालाचे. त्या वर्षी त्यांच्यावर जे गुदरले तेच आपल्या जिल्ह्यावरही गुदरत होते.

जेठमलानी सतराव्या वर्षी कायद्याचे पदवीधर झाले. वकिलीला एकवीस वर्षे पूर्ण असण्याची अट त्यांच्यासाठी शिथिल करावी लागली आणि अठराव्या वर्षी ते न्यायालयात उभे राहिले. कराचीत ए. के. ब्रोही यांच्याबरोबर त्यांची भागीदारी होती. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली, तेव्हा इथे थांबण्यात आता अर्थ नाही हे त्यांना सांगणारे ब्रोहीच होते. हे ब्रोही पुढे पाकिस्तानचे कायदामंत्री झाले. फेब्रुवारीत जेठमलानी मुंबईला आले आणि निर्वासितांच्या छावणीत राहिले. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत तेव्हा सिंधी कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. त्या छावण्यांचेच पुढे उल्हासनगर झाले.

त्याच महिन्यांत धाराशिवची माणसेही घरे सोडत होती. हैदराबादच्या निजामाची पाठराखण करणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या धाकाने त्याच्या हद्दीतली कुटुंबे रातोरात सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूरकडे जात होती. पलीकडे मुंबई प्रांत होता, म्हणजे स्वतंत्र भारत होता. काही कोसांवर स्वातंत्र्य आणि आपल्या गावात मात्र जीव मुठीत, असे ते तेरा महिने होते. या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हाही वकीलच, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातला. तो लातुरात वकिली करत असे आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्षपद हाती आल्यावर त्याने कायद्याची पुस्तके मिटली आणि माणसांच्या हाती शस्त्रे दिली. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली चकमक तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गला झाली. पाचव्या दिवशी निजाम शरण आला. रझवीला अटक झाली, खटले चालले, त्याने शिक्षा भोगली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. कराचीतून हुसकला गेलेला एक वकील महाराष्ट्रात आला आणि मराठवाडा पेटवणारा दुसरा वकील कराचीत जाऊन विसावला, असा हा उलटसुलट प्रवास.

घर हिरावले गेलेल्या माणसाला सूडाची भाषा सहज येते. तिला टाळ्याही मिळतात आणि मतेही. जेठमलानी राजकारणात आले तेव्हा त्यांनाही ती आयती उपलब्ध होती. त्यांनी मुंबईत आल्याआल्या केले ते वेगळेच. मुंबई सरकारच्या निर्वासितांविषयीच्या कायद्याने छावणीतल्या माणसाला गुन्हेगारासारखी नोंदणी करायला लावली होती आणि त्याला हवे तिथे हलवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. विशीतल्या या वकिलाने त्या कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ती लढाई जिंकली. आश्रय दिला म्हणून उपकारात राहा, हे त्यांनी मान्य केले नाही. ज्या देशात आलो त्या देशाच्या सरकारला न्यायालयात खेचता येते, हीच त्यांच्या दृष्टीने आपण इथले झाल्याची खूण होती.

अठ्ठावीस वर्षांनी हाच माणूस दुसऱ्यांदा निर्वासित झाला. आणीबाणीत बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष असलेल्या जेठमलानींनी इंदिरा गांधींवर केरळात जाहीर टीका केली आणि त्यांच्या नावाने अटकेचे वॉरंट निघाले. नानी पालखीवालांच्या नेतृत्वाखाली तीनशेहून अधिक वकील मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले आणि अटकेला स्थगिती मिळाली. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला की, आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्याला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरोधात उभे राहिले ते एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. जेठमलानींना अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. १९७७ मध्ये ते मुंबई वायव्य मतदारसंघातून निवडून आले. त्यांनी हरवले ते आणीबाणीतले कायदामंत्री ह. रा. गोखले यांना. त्याच लोकसभेत लातुरातून भाई उद्धवराव पाटील गेले. शेतकरी कामगार पक्षाचे, पेशाने वकील, निजामाविरुद्धच्या लढ्यातून घडलेले. मुंबईचा सिंधी वकील आणि मराठवाड्याचा शेतकरी नेता एकाच सभागृहात बसले, कारण दोघांच्याही मतदारांना बेबंद सत्तेचा वीट आला होता.

पुढची जेठमलानींची राजकीय वाटचाल मात्र सरळ नाही आणि जयंतीच्या निमित्ताने ती सारवून सांगण्याची गरजही नाही. १९९६च्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारात ते कायदामंत्री होते, १९९९ मध्ये पुन्हा झाले आणि सरन्यायाधीश व अॅटर्नी जनरल यांच्याशी उडालेल्या खटक्यांनंतर जुलै २००० मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. ज्यांच्या मंत्रिमंडळात बसले त्या वाजपेयींविरुद्धच २००४ मध्ये लखनौला उभे राहिले. २०१० मध्ये भाजपकडून राज्यसभेत गेले, २०१३ मध्ये त्याच पक्षातून काढले गेले, २०१६ मध्ये लालूप्रसादांच्या पक्षाकडून पुन्हा राज्यसभेत आले. पक्षाशी निष्ठा हा त्यांचा गुण नव्हता. शेअर घोटाळ्यातल्या हर्षद मेहतासारख्या अशिलांमुळे त्यांच्यावर टीका झाली, तीही सगळी गैरलागू म्हणता येणार नाही. पैसेवाल्याला मोठा वकील मिळतो, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे जुने दुखणे. त्याच्यावर जेठमलानी हा काही उतारा नव्हता.

तरीही एका बाबतीत ते शेवटपर्यंत हलले नाहीत. ज्याचे नाव घेतले तरी लोक थुंकतात, त्याचे वकीलपत्र घ्यायचे. इंदिरा गांधींच्या हत्येच्या खटल्यात त्यांनी बलबीर सिंग आणि केहर सिंग यांची बाजू मांडली. ज्या बाईंमुळे त्यांना देश सोडावा लागला होता, तिच्या हत्येतल्या आरोपींची. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पुराव्याअभावी बलबीर सिंगला मुक्त केले. केहर सिंगला जानेवारी १९८९ मध्ये फाशी झाली. जेठमलानींनी हात घातला नसता तर कदाचित दोघेही फासावर गेले असते. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेले प्राध्यापक गिलानी यांची बाजूही त्यांनी मांडली. दिल्ली उच्च न्यायालयाने गिलानींना निर्दोष ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.

हे सारे धाराशिवकरांनी का आठवायचे? कारण १७ सप्टेंबरनंतर आपल्याकडे जे घडले ते आपण भाषणांत सांगत नाही. निजाम शरण आल्यावरच्या दिवसांत सूडाची लाट आली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात फिरून अहवाल दिला. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तिने गुलबर्गा, बिदर आणि नांदेडबरोबर उस्मानाबादचे नाव लिहिले आणि या चार जिल्ह्यांत मिळून किमान अठरा हजार माणसे मारली गेली असा अंदाज दिला. तो अहवाल अनेक दशके कपाटात राहिला. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली त्यांना न्यायालय दिसले नाही, आणि रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा विणकर-शेतमजुरांनाही ते दिसले नाही. आरोपपत्र, वकील, साक्षीपुरावे हे सगळे मिळाले ते कासीम रझवीला. ते मिळाले हे योग्यच झाले. बाकीच्यांना मिळाले नाही, हे आपल्या जिल्ह्याचे दुःख आहे.

आज तलवारी नाहीत, पण घाई तीच आहे. एखादा अमानुष गुन्हा घडला की दुसऱ्या दिवशी मोर्चा निघतो, आरोपीचे घर पाडा अशी मागणी होते आणि कुठल्या तरी तालुक्याचा वकील संघ आरोपीचे वकीलपत्र कोणी घेणार नाही असा ठराव करून मोकळा होतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव घटनाबाह्य आणि शून्यवत ठरवले आहेत; घटनेच्या २२व्या अनुच्छेदाने अटकेतल्या प्रत्येकाला पसंतीचा वकील दिला आहे. तरी ठराव थांबलेले नाहीत. दुसरीकडे देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, मोफत वकील देण्याची सोय आहे. पण ती सोय आपल्यासाठी आहे हे ज्याला कळायला हवे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

मुक्तिसंग्रामाचा दिवस साजरा करताना जिल्ह्याच्या वकील मंडळींनी एवढे दोन निर्णय घ्यावेत: कोणत्याही आरोपीवर सामूहिक बहिष्काराचा ठराव करणार नाही, आणि कारागृहातल्या ज्या कच्च्या कैद्याला वकील नाही त्याचे काम आळीपाळीने आम्ही पाहू. शाळांतूनही १७ सप्टेंबरच्या भाषणात बार्शीला पळालेल्यांच्या जोडीने, त्यानंतरच्या आठवड्यांत विनाखटला मारल्या गेलेल्यांचा उल्लेख व्हावा. त्याने हुतात्म्यांचा मान तसूभरही कमी होत नाही. निजामाच्या राज्यात सत्ताधीशाच्या मर्जीलाच कायदा म्हणत; तिथून सुटून आपण जिथे आलो तिथे नावडत्या माणसालाही बाजू मांडता आली पाहिजे. ती मांडता येत नसेल तर मुक्ती फक्त निजामापासून मिळाली, निजामशाहीपासून नव्हे.