पण गाणे सुरू केव्हा होणार?

मराठी माणूस संगीताचा मोठा शौकीन आहे, असे मराठी माणूसच वारंवार सांगत असतो. ते अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु जरा खोलात शिरून पाहिले तर आपण सुरांचे कमी आणि शब्दांचे अधिक शौकीन आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. ओवी, अभंग, भारूड, पोवाडा, लावणी, नाट्यपद, भावगीत ही आपली सारी इस्टेट शब्दांची. सूर म्हणजे त्या शब्दांना गावापर्यंत आणून सोडणारा गाडीवान. पाहुणे उतरले की त्यांना पाय धुवायला पाणी आणि बसायला घोंगडे. गाडीवान मात्र बैल सोडून झाडाखाली. एखादे गाणे आवडले की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते "काय लिहिलंय!" हेच. मधला वाद्यांचा तुकडा ही आपल्या लेखी तंबाखू मळण्याची सवड.

त्यामुळे शब्द नसलेले संगीत पाच मिनिटांहून अधिक चालले की एक प्रश्न ठरलेला असतो : "हे सगळं ठीक आहे, पण गाणं सुरू केव्हा होणार?" हा प्रश्न मला आईने विचारला आहे, वर्गमित्रांनी विचारला आहे आणि एकदा पंढरपूरच्या एस.टी.त शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनीही विचारला आहे. "काय ऐकताय?" म्हणून त्यांनी माझ्या एका कानातला इअरफोन मागून घेतला, मोडनिंब मागे पडून बरीच वाट सरेपर्यंत मोठ्या सौजन्याने ऐकले, आणि मग हा प्रश्न विचारून तो परत केला. मी काय ऐकत होतो ते आता सांगायला हवे.

त्या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात. हे नाव सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९९४ साली रूढ केले. वाद्ये रॉकचीच घ्यायची, म्हणजे गिटार, बेस, ड्रम. पण त्यांच्याकडून रॉकचे नेहमीचे काम करून घ्यायचे नाही, असा त्याचा साधारण आशय. पुढे या नावाखाली जे वाजले त्यात गायक बहुधा नसतोच. ग्लासगोचे मोग्वाय, कॅनडातील मॉन्ट्रियलचे गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, अमेरिकेत टेक्ससचे एक्स्प्लोजन्स इन द स्काय ही त्यांतली ठळक नावे. नावे ऐकून दचकू नये. नावाएवढा आरडाओरडा आत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. गॉडस्पीडची २००० साली निघालेली एक जोडतबकडी आहे. तिच्यात चारच रचना आणि प्रत्येक वीस मिनिटांच्या आसपास. चित्रपटातली तीन मिनिटांची गाणी ऐकून वाढलेल्या माणसाला वीस मिनिटे म्हणजे अर्धा प्रवासच.

आइसलँडच्या सिगुर रोस या वाद्यवृंदाची तऱ्हा याहून न्यारी. त्यांच्याकडे गायक आहे, पण २००२ सालच्या त्यांच्या एका तबकडीत तो कोणत्याच भाषेत गात नाही. नुसते ध्वनी उच्चारतो. त्या तबकडीचे नाव म्हणजे दोन रिकामे कंस आणि सोबतच्या पुस्तिकेची पाने कोरी. एका प्राध्यापकांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे उत्तरपत्रिका!" विनोद चांगला होता. परंतु ज्यांच्या घरात तराणा आहे, 'दिर दिर तानोम्'ला माना डोलावल्या जातात, त्यांनी या कोऱ्या पानांना फार हसू नये.

पुण्याच्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी मला हे संगीत प्रथम ऐकवले. एक गिटार चार सुरांची छोटी वेलांटी घेत होती. तीच ती, पुन्हा पुन्हा. दोन-एक मिनिटांनी दुसरी गिटार तिच्याशेजारी येऊन बसली, मग ड्रमची काठी थाळीच्या कडेला हळूच लागू लागली. सूर बदलले नव्हते, लय बदलली नव्हती, तरी काहीतरी दाटत चालले होते. सहाव्या-सातव्या मिनिटाला सगळे एकदम फुटले. ऐकता ऐकता मला ना अमेरिका आठवली ना आइसलँड. मला आमच्या गावची ढोलकी आठवली.

मोडनिंब हे नाव महाराष्ट्रात दोन-तीन कारणांनी ठाऊक आहे. पुणे-सोलापूर हमरस्ता आणि कुर्डुवाडीहून पंढरपूर-मिरजेकडे जाणारी रेल्वे ही सभ्य कारणे. तिसरे कारण म्हणजे इथली लोकनाट्य कलाकेंद्रे, संगीत बारी. बाहेरगावच्या मित्रांना आपले गाव सांगताना आम्ही मुले पहिली दोन सांगतो आणि तिसरे त्यांनी विचारले तरच सांगतो. ते असो. माझे म्हणणे निराळे आहे. रात्री वारा आमच्या बाजूचा असला की बारीचे संगीत आमच्या घरापर्यंत यायचे. पण काय यायचे? लावणीचे शब्द येत नसत. पेटीचा सूर कधी यायचा, कधी विरायचा. घुंगरू तर नाहीच. पोहोचायची ती फक्त ढोलकी. उजव्या पुडीवरची टणत्कारी थाप आणि डाव्या पुडीचा घुमारा. अंथरुणात पडल्या पडल्या केवळ तिच्यावरून कळे की आता संथ चालले आहे, आता चढते आहे, आता कोणीतरी गिरकी घेतली असणार, आणि हे संपले. मजकूर काय होता ते कधीच कळले नाही. अजूनही ठाऊक नाही. पण काही अपुरे राहिले असे वाटले नाही.

म्हणून शब्दांवाचून संगीत कळत नाही असे कोणी म्हटले की मला नवल वाटते. आपल्याला ते कळते. आपण ते मोजत नाही, एवढेच. तमाशाच्या फडात गणाच्या आधी ढोलकी-हलगीची जी झुंज लागते, ती ऐकायला जुनी माणसे आधी जाऊन पुढची जागा धरत. बाकीचे सावकाश यायचे, कारण 'अजून सुरू व्हायचंय'. बारीतही तेच. दौलतजादा होतो तो नाचावर आणि लावणीच्या ओळीवर. फलकावर नावे असतात ती नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांची, आणि ती असायलाच हवीत. पण ढोलकी कोणाची, हे कोणी विचारत नाही. गावातल्या एका वयस्कर ढोलकीवाल्या काकांना मी माझ्या फोनवरची एक रचना मुद्दाम ऐकवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "पोरं घाई करत नाहीत. चांगलं आहे. पण तोडा एकच आहे रं, आन तोच सारखा सारखा फुगवतायत." पोस्ट-रॉकवर यापेक्षा नेमकी टीका मी इतरत्र वाचलेली नाही.

कारण ती खरी आहे. हळू सुरुवात, थर चढवणे, शेवटी स्फोट, हा साचा इतक्या जणांनी इतक्या वेळा वापरला आहे की वीस वाद्यवृंद एकापाठोपाठ ऐकले तर कोण कुठला हे सांगणे कठीण. शिवाय हल्ली या संगीताला अभ्यासाच्या वेळी मागे लावायचे संगीत म्हणून खपवले जाते, म्हणजे पुन्हा गाडीवानाचीच गत. तरीही चांगल्यांत काय आहे ते ओळखायचे तर आपला कान थोडा वेगळा लावावा लागतो. सतारीवरच्या आलाप-जोड-झाल्यात लय वाढते आणि रागाची एकेक खोली उघडत जाते. इथे राग नाही, विस्तार नाही. सूर तेच राहतात आणि त्यांच्याभोवतीचा आवाज बदलतो : जाडी, भार, अंतर. रागाच्या कानाने ऐकले तर हे चार सुरांचे दळण वाटेल. पण दळणाचीही एक गंमत असते. जात्याची घरघर तीच राहते आणि पीठ साठत जाते.

याचे जवळचे उदाहरण हवे तर आषाढीला पंढरीकडे जाणाऱ्या दिंडीत चालावे. अभंग संपतो, नामाचा गजर सुरू होतो. पहिल्या काही वेळा ते नाव असते. मग टाळ भरतात, पखवाज चढतो आणि एक वेळ अशी येते की कानाला शब्द वेगळा लागत नाही. नुसता नाद उरतो, आणि पाय आपोआप पडतात. शब्दांचे एवढे थोर दैवत जिथे आहे तिथेही शब्द थोडा वेळ बाजूला उभे राहतात. त्या क्षणाला "गाणे कुठे गेले?" असे कोणी विचारत नाही.

वाद्याची तारीफ करतानासुद्धा आपण गळ्याचेच माप लावतो. डी. के. दातारांसारख्या थोर वादकाने व्हायोलिनमध्ये गायकी अंग आणले आणि त्यातून अपूर्व असे काही निर्माण केले, यात शंका नाही. पण मग "व्हायोलिन अगदी गातं हो!" हीच वाद्याची सर्वोच्च पदवी होऊन बसली. एखाद्या गायकाला "अगदी व्हायोलिनसारखा गातो" असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. पेटीला ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून सुमारे तीस वर्षे दाराबाहेर ठेवले, त्याचे एक मोठे कारण हेच की तिला गळ्यासारखी मींड घेता येत नाही. ढोलकीला तर गळा नाहीच. तिने काय करावे?

आमच्या सोलापूर जिल्ह्याने खरे तर या बाबतीत फुशारकी मारावी अशी स्थिती आहे. सुंदरी हे वाद्य इथले. सनईच्याच जातीचे, पण तिच्याहून आखूड आणि आवाजाने अधिक टोकदार. सोलापूरच्या सिद्राम जाधवांनी ते मैफलीत नेले आणि त्यांच्याच घराण्यातील भीमण्णा जाधव यांनी ती परंपरा पुढे चालवली. माझ्या वर्गात मी विचारून पाहिले; 'सुंदरी' म्हटल्यावर वाद्य हे उत्तर एकानेही दिले नाही. काय काय उत्तरे आली ती इथे छापण्यासारखी नाहीत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्या वाद्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला पिकतात. भोपळा आम्ही पिकवायचा आणि सतार ऐकायची वेळ आली की चहाला उठायचे, असा हा व्यवहार आहे.

यावर माझे मित्र म्हणतात, "शब्द नसले तर विचार पोहोचत नाही. तुकोबांचे अभंग नुसते गुणगुणून भागले असते का?" अर्थातच नाही. शब्दांशी माझे वैर नाही; असते तर कलाशाखेला आलो नसतो. पण एक अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात घरात आजोबांचे आजारपण चालले होते. लोक येत, चांगले शब्द बोलत, आम्हीही शब्दांनीच उत्तर देत होतो. रात्री सगळे गेल्यावर मला भावगीत ऐकवेना. त्यातला कवी मला काय वाटायला हवे ते आधीच ठरवून बसलेला असे. तेव्हा मी ही गिटारीची लांबलचक रचना लावायचो. तिने माझी समजूत घातली नाही. जागा दिली. मला जे वाटत होते त्याला अजून नाव नव्हते आणि तिने ते मागितलेही नाही. आजोबा दिवाळीच्या आधी गेले. त्यांना एकदा विचारले होते, ऐकता का म्हणून. त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "हे रानात रात्री पाणी धरल्यासारखं आहे." उसाला पाणी देत त्यांनी अशा किती रात्री काढल्या होत्या कोण जाणे, सरीतून पाणी सरकण्याचा आवाज आणि दुसरे काही नाही. गाणे सुरू केव्हा होणार, हा प्रश्न त्यांनी केला नाही.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तालवाद्य आणि सूरवाद्य अशा वेगळ्या स्पर्धा आहेत, पण आमच्याकडून त्यांसाठी नाव जाणे मुश्किल; समूहगीताला मात्र मुलांची रांग. म्हणून या वर्षी स्नेहसंमेलनात मी ढोलकीवाल्या काकांसाठी वीस मिनिटे मागितली आहेत. गायन नाही, नाच नाही, निवेदन नाही. एक ढोलकी आणि समोर आपण. काका तयार आहेत. मानधन विचारले तर म्हणाले, "नाव लिवा फक्त, कागदावर." समितीने दहा मिनिटे मंजूर केली आहेत, तीही प्रमुख पाहुणे यायच्या आधी, खुर्च्या लावायच्या वेळेत. मी वीसच लिहून घेणार आहे. खुर्च्या लावणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवले आहे की पाय न वाजवता चाला.