घाट उतरण्यापूर्वी

बागलीहून दक्षिणेस निघाले की माळव्याचे पठार संपते आणि वाट विंध्याचा उतार उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे वळते. तेथे साऱ्या कुटुंबाचा भरवसा ब्रेकच्या कॅलिपरवर असतो. पण त्याची ओळख थोड्यांनाच असते.

पेडलवरील पायाचा दाब ब्रेक ऑइलमार्गे कॅलिपरमधील दट्ट्यास पोहोचतो. दट्ट्या एक पॅड फिरत्या डिस्कवर दाबतो. त्याच्याच प्रतिक्रियेने कॅलिपर पिनांवर सरकून दुसरे पॅड पलीकडून आवळतो. धूळचिखलाने पिना अडकल्या की एकच पॅड अधिक झिजते, गाडी एका बाजूस ओढते, चाक तापते. म्हणून पॅड बदलताना पिना स्वच्छ करवून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून घ्यावे. साध्या ग्रीसने रबर फुगते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येऊ शकतो. लांब उतारावर ऑइल उकळले तर दाबली जाते ती वाफ, आणि पेडल पोकळ लागते.

ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे, घाटात खालचा गिअर ठेवावा. नर्मदास्नानास मुलाबाळांसह निघण्यापूर्वी मिस्त्रीकडून चाके उतरवून एवढे अवश्य पाहून घ्यावे.