बाळाच्या तपासणीआधी घराची तपासणी

एचआयव्हीसह जन्मलेल्या बालकांवर उपचार झाले नाहीत, तर त्यांतील जवळजवळ निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. औषध नाही, असे आता म्हणता येत नाही. डोल्युटेग्राविरची पाण्यात विरघळणारी गोळी तान्ह्या बाळांनाही देता येते. ती बनविणाऱ्यांत मुंबईची एक कंपनीही आहे. तरीसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगातील बाधित प्रौढांपैकी ७७ टक्के उपचार घेत होते, मुलांपैकी मात्र अवघे ५७ टक्के.

बालक आपल्या पायांनी दवाखान्यात जात नाही. आईची तपासणी राहून गेली, की बाळाचाही पत्ता लागत नाही.

नायजेरियातील एनुगू राज्यात २०१३-१४ मध्ये चाळीस ख्रिस्तमंदिरांत एक प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी रविवारच्या उपासनेत धर्मगुरू गरोदर स्त्रियांना व त्यांच्या पतींना प्रार्थनेसाठी पुढे बोलावीत. नंतर आपल्याकडील डोहाळजेवणासारखा सोहळा होई आणि तेथेच रक्त तपासले जाई. या मंदिरांतील ९२ टक्के गरोदर स्त्रियांनी एचआयव्हीची चाचणी करून घेतली; उरलेल्या मंदिरांत हेच प्रमाण ५५ टक्के होते.

ख्रिस्तमंदिराच्या आवारात असा विषय आपल्याकडे कितपत रुचेल, याविषयी आम्हाला शंका होती. परंतु तेथे एकट्या एचआयव्हीचे नाव पुढे केले नव्हते. हिमोग्लोबिन, सिकलसेल, काविळीचा 'बी' विषाणू या तपासण्यांबरोबरच ती चाचणी होती. त्यामुळे रांगेत उभे राहिल्याने कोणाकडे बोट दाखविले जात नसे.

आपल्याकडे अडते ते बहुधा प्रसूतीनंतर. आईची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात उतरलेली असल्याने अठरा महिन्यांपर्यंत नेहमीच्या चाचणीवर विसंबता येत नाही. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताचे थेंब घेऊन विषाणूचीच वेगळी तपासणी करावी लागते. सासरी काहीच ठाऊक नसेल, तर ओली बाळंतीण कोणते निमित्त सांगून घराबाहेर पडणार? पती सोबत असला, तरच ही फेरी घडते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण तर दिलेच; शिवाय आजारपणामुळे आईवडील असमर्थ झाले असता घर सांभाळणाऱ्या, बारा वर्षांवरील समंजस भावंडालाही धाकट्याच्या उपचारांसाठी पालक मानले. अशी एखादी ताई भावाला कडेवर घेऊन आली, तर "मोठ्यांना घेऊन ये" म्हणून तिला परत पाठवू नये, हे आपल्या दवाखान्यांतील धर्मभगिनींना आजच सांगून ठेवावयास हवे.